पिल्लांची ऊब

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं ते बऱ्यापैकी शिकून-सवरूनच. दाणा टिपायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यात चोच बुडवून मान वर करायची, हेही त्याला आपसूक येतं. शिवाय अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा पोटात घेऊनच ते जगात येतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काही मिळालं नाही तरी निभावून नेतं. एकच गोष्ट त्याला जमत नाही. स्वतःचं अंग स्वतः ऊबदार ठेवणं. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिल्लाचं त्याहून कमी आणि अंगावर पिसांऐवजी नुसती लव. पहिले दोन आठवडे बाहेरून ऊब मिळाली तर ते जगणार, नाही तर नाही.

म्हणून कोंबड्यांच्या धंद्याचा इतिहास सांगायचा तर जातींचा किंवा खाद्याचा सांगण्याआधी उबेचा सांगावा, असं मला वाटतं. पिल्लांना ऊब कुणी दिली, कशाने दिली आणि तिचे पैसे कुणी मोजले. आमच्या घरात या तिन्ही गोष्टी बदलत गेल्या. आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला. पाऊस बेताचा, जमीन हलकी, पण थंडी मात्र शेजारच्या निफाडकडून भरभरून येते. निफाडचे द्राक्षवाले कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, घड वाचावेत म्हणून. तीच थंडी आमच्या पिल्लांवर येते.

आजीच्या काळात ऊब ही खरेदी करायची वस्तू नव्हती. ती कोंबडीकडेच असायची. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पंख फुलवून एका जागी बसायला लागली, की आजी जुन्या टोपलीत भुसा घालून अकरा किंवा तेरा अंडी तिच्याखाली बसवायची. विषमच संख्या का, असं विचारलं तर म्हणायची, “समसंख्येला बरकत नसती.” आठवडा झाला की रात्री कंदिलाच्या उजेडात एकेक अंडं धरून बघायची आणि आत काहीच न दिसणारी अंडी बाजूला काढायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. मग दिवसा पिल्लं आईमागे उकिरडा उकरत फिरायची, संध्याकाळ झाली की डालग्याखाली झाकायची. पहाटे डालगं उचललं की कोंबडीच्या पोटाखालून आठ-दहा इवल्या माना बाहेर डोकवायच्या. घार, मुंगूस आणि मानमोडी यांतून वाचली ती आपली. घरातल्या करडांनाही थंडीत असंच डालग्याखाली ठेवायचे आणि वासराच्या पाठीवर गोणपाट टाकायचे. एवढंच काय ते जनावरांच्या उबेचं शास्त्र होतं.

पण एका कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं मावणार किती? दहा-बारा. फार तर पंधरा. पाचशे पिल्लांचा धंदा करायचा तर चाळीसेक खुडूक कोंबड्या लागल्या असत्या. दुसरी अडचण त्याहून मोठी. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून अंड्यांच्या धंद्यासाठी ज्या जाती निवडल्या गेल्या, त्यांच्यातून खुडूक होण्याची खोडच निवडीनं काढून टाकली. पांढरी लेगहॉर्न वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण त्यावर बसायचं तिला सुचत नाही. आई व्हायचं विसरलेली कोंबडी जितकी चांगली, तितका धंदा चांगला. मग तिची दोन्ही कामं माणसानं अंगावर घेतली. अंडी उबवायचं काम हॅचरीच्या यंत्राकडे गेलं आणि पिल्लांना पंखाखाली घ्यायचं काम आलं शेतकऱ्याकडे.

अंडी उबवण्याची युक्ती तशी फार जुनी. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत, शेणाचा आणि काडीकचऱ्याचा जाळ करून हजारोंनी अंडी उबवत. ताप बरोबर आहे की नाही हे तिथले लोक अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ओळखत. हे वाचलं तेव्हा मला आई आठवली. ती दूध कोमट झालं का ते मनगटावर थेंब टाकून बघायची आणि पुढे शेडातल्या पिल्लांचंही तसंच बघू लागली. एखादं पिल्लू उचलायचं आणि त्याचे पाय गालाला लावायचे. पाय गार लागले तर खालची जमीन गार आहे. थर्मामीटर नंतर आला, पण त्यानं आईपेक्षा वेगळं असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

महाराष्ट्रात हा धंदा मूळ धरू लागला तो 1970 नंतर. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं. 1982 साली अंडी उत्पादकांची एनईसीसी ही संघटना उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत टीव्हीवर अंड्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. 1972 च्या दुष्काळानं आमच्या भागाला एक गोष्ट पक्की शिकवली होती, नुसत्या शेतीवर भिस्त ठेवायची नाही. जोडधंदा हा शब्द तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी. कुणी गाई घेतल्या, कुणी शेळ्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1987 साली बँकेचं कर्ज काढून पाचशे पक्ष्यांची शेड बांधली. खाली कोबा, कमरेएवढी भिंत, वर जाळी आणि जाळीला गोणपाटाचे पडदे.

पिल्लं खोक्यांतून यायची. एका खोक्यात शंभर, पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे आणि वर दोन पिल्लं जादा, वाटेतल्या मरीची भरपाई म्हणून. बलकाच्या त्या शिदोरीमुळेच पिल्लांना रात्रभराचा प्रवास सोसायचा. ती शिदोरी नसती तर हॅचरी एका जिल्ह्यात आणि शेड दुसऱ्या जिल्ह्यात, असा धंदाच झाला नसता. पिल्लं उतरली की आधी गुळाचं पाणी, मग तुसावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मक्याचा भरडा. भोवती पत्र्याचं गोल कडं, त्याला चिक गार्ड म्हणायचं. गोल अशासाठी की कोपरा असला तर पिल्लं थंडीनं कोपऱ्यात चेंगरतात. गारठलेलं पिल्लू थंडीनं मरण्याआधी बहुधा भावंडांच्या ढिगाखाली गुदमरूनच मरतं.

त्या कड्याच्या मधोमध अण्णांनी आजीचं डालगंच उलटं टांगलं होतं. आत शंभराचे बल्ब. हिशेब असा की पिल्लामागे दोन वॅट. अडीचशे पिल्लांना पाच बल्ब. पहिल्या आठवड्यात डालग्याखाली 95 अंश फॅरेनहाइट, मग दर आठवड्याला पाच-पाच अंशांनी उतरत जायचं आणि त्यासाठी डालगं वर वर घ्यायचं. पण पिल्लंच सगळं सांगतात. बल्बाखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कड्याला चिकटून चोच वासून बसली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय. आणि गोल कड्यात सगळीकडे सारखी पांगलेली, खात-पीत, बारीक आवाज करणारी पिल्लं दिसली की अण्णा बाज टाकून तिथेच झोपायचे.

वीज होती तोवर हे झकास होतं. पण आमच्याकडची वीज म्हणजे घरजावई, मर्जी असेल तेव्हा यायची. रात्री बल्ब गेले की अर्ध्या तासात पिल्लांचा आवाज बदलायचा, चिवचिव चढी आणि कर्कश व्हायची. मग धावपळ. लोखंडी पाट्यांतून कोळशाच्या शेगड्या पेटवून शेडमध्ये ठेवायच्या. अंगणात धूर पूर्ण जाऊ द्यायचा, कोळसा लालबुंद झाला की मग आत न्यायचा, म्हणजे पिल्लांना धूर लागत नाही. सगळे असंच करत.

1991 च्या डिसेंबरातली ती रात्र. वीज संध्याकाळीच गेलेली. शेडमध्ये तीन शेगड्या आणि वाऱ्याची तिरीप लागू नये म्हणून सगळे पडदे खालपर्यंत बांधलेले. अण्णा आत बाजेवर. मध्यरात्री केव्हातरी त्यांचं डोकं जड झालं म्हणून ते बाहेर आले आणि अंगणात ओकारी काढून तिथेच बसले. उठताच येईना. आईनं ओढत ओट्यावर आणलं, कांदा फोडून नाकाला लावला. सकाळी शेडमध्ये एकशे चाळीस पिल्लं मेलेली होती. ढीग नव्हता, झटापट नव्हती, शेगडीभोवती निजल्यासारखी पडली होती. गावात कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं रोग आला. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, शेगड्या बघितल्या, पडदे बघितले आणि अण्णांना म्हणाले, “तुम्ही वाचलात हे नशीब समजा.” धूर दिसत नाही म्हणजे विष नाही असं नसतं. कोंडलेल्या जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही.

त्यानंतर अण्णांनी एक नियम केला. थंडी कितीही असो, पडदा वरून हातभर उघडाच. पुढे गॅस आला तरी तो नियम राहिला आणि बरंच झालं, कारण गॅसलाही त्याची गरज असते.

गॅस आमच्याकडे 1997 साली आला. मुंबईत बर्मा शेल कंपनीनं सिलिंडरमधला गॅस ‘बर्शेन’ या नावानं 1955 मध्येच विकायला सुरुवात केली होती. तिथून आमच्या वस्तीपर्यंत यायला त्याला बेचाळीस वर्षं लागली आणि आला तोही स्वयंपाकघरात नाही, शेडमध्ये. घरगुती कनेक्शनसाठी तेव्हा नंबर लावून थांबावं लागे. धंद्याचा एकोणीस किलोचा सिलिंडर मात्र जास्त पैसे मोजले की मिळायचा. अण्णांनी दोन सिलिंडर आणि दोन गॅस ब्रूडर आणले. साखळीनं टांगलेली पत्र्याची छत्री, तिच्या पोटात जाळी. खालून पेटवला की आधी निळी ज्योत फुरफुरते, मग जाळी हळूहळू केशरी होते. या उबेची गंमत अशी की ती हवेपेक्षा जमिनीला आणि पिल्लाच्या अंगाला आधी लागते, उन्हासारखी. दोन ब्रूडरवर हजार पिल्लं आरामात. धूर नाही, राख नाही, वीज गेली तरी फिकीर नाही.

पहिल्या रात्री आई शेडच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग अण्णांना म्हणाली, “आवं, पिल्लांना बिनधुराची चूल झाली. आता माझं बघा.”

अण्णा हसले. आई हसली नव्हती. तिचे डोळे तेव्हाच लाल असायचे, पावसाळ्यात ओल्या तुराट्या आणि बाभळीच्या फाट्यांचा धूर घरभर व्हायचा आणि पहाटे तिचा खोकला ऐकूनच आम्ही जागे व्हायचो. अण्णांचं गणित चुकीचं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिल्लं मेली तर नुकसान दिसायचं, मोजता यायचं. आईच्या छातीत साठणारा धूर कुठल्या वहीत मांडणार? घरात गॅस आला 2003 साली. मधली सहा वर्षं आमच्या वस्तीवर निळी ज्योत होती ती कोंबड्यांच्या घरी.

गॅसच्याही खोड्या हळूहळू कळल्या. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं हवेत येतं. शेड बंद असेल तर ते पाणी तुसात मुरतं, तूस ओलं होतं, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि डोळे झोंबायला लागतात. माणसाचे डोळे झोंबतात तिथं जमिनीला टेकलेल्या पिल्लाचं काय होत असेल? हवा न खेळल्यानं पुढे मोठ्या पक्ष्यांच्या पोटात पाणी होतं, ते वेगळंच. म्हणून तो हातभर उघडा पडदा. दुसरी खोडी थंडीची. आतल्या द्रव गॅसचा वायू व्हायला सिलिंडर भोवतालची उष्णता ओढून घेतो. पहाटे पारा उतरला आणि दोन्ही ब्रूडर जोरात चालू असले की सिलिंडरवर दवाचा, कधी बर्फाचा थर धरायचा आणि नेमकी गरज असते तेव्हाच ज्योत बसायची. मग आई घमेल्यात कोमट पाणी घेऊन यायची आणि सिलिंडर त्यात उभा करायचा. ते पाणी तापायचं चुलीवरच.

2001 नंतर धंद्याचा मालकच बदलला. तमिळनाडूत कोइंबतूरच्या बाजूला नव्वदच्या दशकात रुजलेली करार पद्धत आमच्याकडे आली. भाव पडला की शेतकरी बुडायचा, त्यामुळे लोकांनी ती हौसेनं घेतली आणि खोटं कशाला बोला, पहिली काही वर्षं तिनं आम्हाला झोपही दिली. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. पक्षी तयार झाला की गाडी येणार, वजन होणार आणि किलोमागे वाढवणीचे पैसे मिळणार. आपलं काय? शेड, पाणी, तूस, वीज, राबणूक. आणि ऊब.

ही ऊब कराराच्या कागदावर एका शब्दात येऊन जायची. पण आमच्या पाच हजार पक्ष्यांच्या शेडला उन्हाळ्यात बॅचमागे दोन-तीन सिलिंडर पुरायचे आणि डिसेंबरात नऊ-दहा. वाढवणीचा दर आमच्या करारात बारा महिने तोच. म्हणजे निफाडची थंडी अण्णांच्या खिशातून वजा व्हायची. सुपरवायझर पोरगा मोटारसायकलवर यायचा, थर्मामीटर बघायचा आणि म्हणायचा, “काका, ताप वाढवा, वजन मार खाईल.” बरोबरच होतं त्याचं. गारठलेलं पिल्लू खाल्लेलं खाद्य अंग तापवण्यात घालवतं, वाढीला उरत नाही, मग खाद्य जास्त लागलं म्हणून पैसे कापले जातात. ऊब दिली तर सिलिंडरचा खर्च, नाही दिली तर कपात. अण्णा वहीच्या शेवटच्या पानावर हे दोन आकडे समोरासमोर मांडून बसायचे.

2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला पहिला. नवापूर आमच्यापासून लांब, पण चिकन घ्यायला राज्यभर कुणी तयार नाही. आमच्या शेडमध्ये तेव्हा बारा दिवसांची पिल्लं होती. पक्षी उचलणार कधी, उचलणार की नाही, काही ठाऊक नाही. तरी गॅस चालूच ठेवला. आई म्हणाली, “पिल्लाला काय म्हाईत बाजार पडलाय म्हनून?” तोट्याच्या पिल्लालाही ऊब तेवढीच लागते.

त्याच सुमारास भारनियमन दहा-बारा तासांवर गेलं, बल्बावर भरवसा ठेवणारेही गॅसकडे वळले आणि ज्याला त्याला घरगुती तांबड्या सिलिंडरचा मोह पडला. तो सबसिडीचा, स्वस्त. धंद्याला वापरणं कायद्यानं मना, पण रात्री शेडमध्ये बघायला येतंय कोण? 2012 च्या सप्टेंबरात सरकारनं सबसिडीचे सिलिंडर घरटी वर्षाला सहावर आणले, पुढे नऊ आणि मग बारा केले. तेव्हा बऱ्याच घरांत पिल्लं की भाकरी, हा प्रश्न उघड्यावर आला. मी पाहिलेल्या तीन घरांत तरी उत्तर एकच होतं. सिलिंडर शेडमध्ये आणि बाई पुन्हा चुलीपुढे. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, कनेक्शन बाईच्या नावावर झालं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण नाव बाईचं झालं तरी सिलिंडर कुठे जोडायचा हे ठरवणारा हात लगेच बदलत नाही.

अण्णा 2014 साली गेले. शेड आता पुतण्या बघतो. गॅस परवडत नाही म्हणून त्यानं गेल्या काही वर्षांत बुखारीवजा भट्टी केली आहे. जाळ शेडच्या बाहेर, धुराडं वर आणि तापलेली कोरडी हवा पंख्यानं पाइपातून आत. धूर नाही, वाफ नाही, कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. भट्टीत तो द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या आणि तोडलेल्या बागांची खोडं जाळतो. ज्या बागांत पूर्वी पहाटे शेकोट्या पेटायच्या, त्यांतल्याच काही मोडलेल्या बागा या. गॅसचे दोन ब्रूडर त्यानं काढलेले नाहीत, पंखा बंद पडला तर लागतात. आईचं वय झालंय, तिला आता धाप लागते, पण भट्टी पेटवली की ती खुर्ची घेऊन वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसते आणि त्याला सांगते, “त्यो वरचा पडदा सोड रं हातभर.” पुतण्या म्हणतो, “आजी, या भट्टीला त्याची गरज नाही.” आणि तरी जाऊन सोडतो. गेल्या जानेवारीत काड्यांचा ट्रॅक्टर आला, तेव्हा त्यानं भाव विचारला, कमी करून घेतला आणि जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर अण्णांच्या आकड्यांखाली लिहून ठेवला.